बटण बिघडलं म्हणून संगणक भंगारात काढायचा का?



"बाई, सीपीयू बंद आहे ना? मग माऊसचा लाल दिवा कसा काय चालू?"

सातवीतल्या एका मुलीने गेल्या वर्षी मला हा प्रश्न विचारला. तेव्हा मी संगणक कक्षात डेडस्टॉक रजिस्टर हातात घेऊन उभी होते. आमच्या शाळेत सात जुने डेस्कटॉप आहेत. त्यांपैकी तीन 'चालू होत नाही' असा शेरा मारून निर्लेखनाच्या यादीत घालायचे ठरले होते. यादी मीच लिहीत होते आणि तो लाल दिवा यादीतल्या पहिल्याच संगणकाच्या माऊसचा होता.

या मुलीच्या पायात कॅलिपर आहे, ती कुबडी घेऊन चालते. दाराजवळचा संगणक तिला सोयीचा, कारण तिथपर्यंत बाकांमधून वाट काढावी लागत नाही. पण नेमके त्याच संगणकाचे बटण आत रुतून बसलेले. बाकीच्या संगणकांचे सीपीयू टेबलाखाली जमिनीवर ठेवलेले. तिथे वाकून बटण दाबणे तिला जमत नाही. म्हणून ती कुणाच्या तरी शेजारी खुर्ची घेऊन बसायची. दुसरा टाईप करायचा, ही बघायची. वर्षभर हेच चालले होते आणि खरं सांगते, मला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

तिच्या प्रश्नाने त्या दिवशी माझा पेन थांबला. पुढे दोन आठवड्यांत जे शिकले, त्यातून माझे एक मत तयार झाले. ते आधीच सांगून टाकते. 'संगणक चालू होत नाही' आणि 'संगणकाचे बटण चालत नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. हा फरक ओळखायला शिकवणे म्हणजेच खरे संगणक शिक्षण. आणि टेबलाखालच्या बटणापर्यंत ज्या मुलाचा हात पोहोचत नाही, त्याच्यासाठी प्रत्येक शाळेत निदान एक संगणक तरी कीबोर्डवरून सुरू होणारा असायला हवा. जुन्या मशीनमध्ये ही सोय बऱ्याचदा असतेच. आपण ती कधी उघडून पाहिलेली नसते, एवढंच.

बंद म्हणजे किती बंद?

घरातल्या बल्बचे बटण बंद केले की तारेतून येणारी वीज तुटते. आपल्याला वाटते, संगणकाचेही तसेच असणार. पण तसे नाही.

सीपीयूच्या पाठीमागे जिथे आपण पॉवर केबल खोचतो, तो डबा म्हणजे एसएमपीएस. भिंतीवरचे बटण चालू असेल आणि या डब्यामागचा छोटा स्विचही (असल्यास) चालू असेल, तर संगणक 'बंद' असतानाही हा डबा ५ व्होल्टचा एक बारीकसा पुरवठा मदरबोर्डला देत राहतो. इंग्रजीत याला स्टँडबाय म्हणतात. एसएमपीएसमधून निघणाऱ्या तारांच्या जुडग्यात ही तार जांभळ्या रंगाची असते.

जुन्या वाड्याचे उदाहरण मुलांना पटकन कळते. रात्री वाड्याचा मोठा दरवाजा बंद असतो, दिवे मालवलेले असतात. पण देवडीवर एक रखवालदार कंदील लावून जागा असतो. बाहेरून कडी वाजली की तो उठतो आणि दरवाजा उघडतो. जांभळ्या तारेतले ५ व्होल्ट म्हणजे त्या रखवालदाराचा कंदील.

आणि समोरचे पॉवर बटण? ते म्हणजे फक्त कडी. त्या बटणातून संगणकाची वीज जातच नाही. बटण दाबले की मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात. मदरबोर्डला निरोप मिळतो. तो हिरव्या तारेतून एसएमपीएसला सांगतो, 'आता सगळं सोड.' मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू होतात, पंखा फिरतो, पडदा उजळतो.

आता त्या मुलीचा प्रश्न पुन्हा पाहा. माऊसचा लाल दिवा चालू होता, याचा अर्थ रखवालदार जागा होता. कडी तेवढी मोडली होती. आणि मी मात्र अख्खा वाडा पाडायच्या यादीत घालत होते!

पूर्वी असे नव्हते

नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या संगणकांत पॉवरचे बटण खरोखरच बल्बच्या बटणासारखे होते. दाबले की वीज आत, पुन्हा दाबले की वीज तुटली. त्या काळी ज्यांनी संगणक वापरला, त्यांना आठवत असेल. विंडोज ९५ मध्ये शट डाऊन केल्यावर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत 'आता संगणक बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाचे वाक्य यायचे आणि मग आपण हाताने बटण बंद करायचो. संगणकाला स्वतःला बंद करता येत नव्हते, तसे स्वतःला सुरूही करता येत नव्हते.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली. तिच्यात हा ५ व्होल्टचा सतत जागा राहणारा पुरवठा आला. त्यामुळे संगणक स्वतः बंद होऊ लागला आणि बटणाशिवाय इतर मार्गांनीही त्याला उठवणे शक्य झाले. कीबोर्ड हा त्यातला एक मार्ग.

कल्पना मात्र त्याहून जुनी. ॲपलचा मॅकिंटॉश टू हा संगणक १९८७ मध्ये आला. त्याच्या कीबोर्डवरच एक पॉवरची कळ होती, ती दाबून संगणक सुरू करायचा. योगायोग असा, की त्याच १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ ही संगणकांची मालिका काढली. तिच्यातूनच सहा पिनांचा तो गोल कीबोर्ड सॉकेट आला. आपल्या जुन्या सीपीयूच्या मागे दिसतात ते दोन गोल सॉकेट, जांभळा कीबोर्डचा आणि हिरवा माऊसचा. आजच्या गोष्टीत या जांभळ्या सॉकेटचे काम मोठे आहे.

"गाडीला किक असते की!"

माझे विषय विज्ञान आणि गणित. संगणकाचे मी एमएस-सीआयटीपुरतेच शिकले. सीपीयू उघडायचा म्हणजे हात थरथरतात. पण आमच्या व्यवस्थापन समितीवर एक पालक आहेत, त्यांचे टू-व्हीलरचे गॅरेज आहे. त्यांना सहज बोलून दाखवले, की बटण खराब झाल्यामुळे संगणक काढून टाकावे लागताहेत.

ते हसले. म्हणाले, "बाई, गाडीचं स्टार्टर बटण गेलं म्हणून कुणी गाडी भंगारात देतं का? किक असते की!"

"अहो दादा, संगणकाला कुठली आलीय किक?"

"बघू तरी. बटण म्हणजे शेवटी काय, दोन तारा एकमेकींना लावणं. ते आपण रोज करतो."

शनिवारी शाळा सुटल्यावर ते आले. पहिले काम त्यांनी केले ते पॉवर केबल काढून ठेवण्याचे. नुसते भिंतीवरचे बटण बंद नाही, केबलच काढली. मग जरा वेळ थांबले. ब्लोअरने धूळ उडवली. समोरच्या पॅनेलपासून मदरबोर्डच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या बारीक तारा त्यांनी दाखवल्या. एक पॉवर बटणाची, एक रीसेट बटणाची, दोन छोट्या दिव्यांच्या. पॉवर आणि रीसेट ही दोन्ही बटणे आतून एकाच जातीची, दाबेपर्यंतच जोडणारी. म्हणून त्यांनी रीसेटची तार काढून पॉवरच्या दोन पिनांवर बसवली. केबल लावली, समोरचे रीसेटचे बारके बटण दाबले आणि पंखा फिरला!

हा झाला पहिला टप्पा. मशीन जिवंत आहे, हे कळले. पण त्या मुलीचा प्रश्न यातून सुटत नव्हता. रीसेटचे बटणसुद्धा टेबलाखालीच. तिला हवी होती ती टेबलावरची किक.

कीबोर्डला कडी वाजवायला कसे शिकवायचे

यासाठी संगणकाच्या बायोसमध्ये एक सेटिंग असते. विंडोज सुरू होण्याआधीची जी मूळ व्यवस्था, ती बायोस. संगणक सुरू होताच डिलीट ही कळ पुन्हा पुन्हा दाबली की ती उघडते. काही मशीनवर एफ२ किंवा एफ१० असते. कोणती कळ, ते सुरुवातीच्या पडद्यावर खाली लिहिलेले दिसते.

आम्ही काय केले, ते क्रमाने सांगते.

१. आधी मोबाईलवर बायोसच्या प्रत्येक पडद्याचा फोटो काढून ठेवला. काही चुकले तर परत जागेवर आणता येते.

२. 'इंटिग्रेटेड पेरिफेरल्स' आणि 'पॉवर मॅनेजमेंट सेटअप' हे दोन विभाग पाहिले. थोड्या नव्या मशीनवर 'एपीएम कॉन्फिगरेशन' असे नाव असते. त्यात 'पॉवर ऑन बाय पीएस/२ कीबोर्ड' किंवा 'पॉवर ऑन फंक्शन' अशा नावाची ओळ शोधली.

३. तिथे साधारण असे पर्याय असतात: फक्त बटण, कोणतीही कळ, ठरावीक कळजोडी, पासवर्ड. आम्ही ठरावीक कळजोडी निवडली, कंट्रोल आणि एफ१. 'कोणतीही कळ' घेतली तर कीबोर्डवर वही पडली तरी संगणक सुरू होतो. पासवर्ड तर घेऊच नका. वर्षभराने तो कुणालाच आठवत नाही आणि संगणक सुरू करण्याचा मार्गच अडून बसतो.

४. 'ईआरपी' किंवा 'ईयूपी' नावाची ओळ असेल तर ती बंद असल्याची खात्री केली. ती चालू असेल तर वीज वाचवण्यासाठी रखवालदाराचा कंदीलही विझवला जातो. मग कीबोर्डने कितीही कडी वाजवली तरी ऐकणारे कुणी नसते.

५. एफ१० दाबून सेटिंग जतन केले, विंडोज सुरू होऊ दिले आणि नेहमीच्या पद्धतीने शट डाऊन केले.

मग कंट्रोल आणि एफ१ दाबले. काहीच झाले नाही.

कारण सापडायला अर्धा तास गेला. त्या संगणकाला यूएसबीचा कीबोर्ड लावलेला होता. जुन्या मदरबोर्डवर ही सोय बहुधा गोल पिनेच्या, म्हणजे पीएस/२ कीबोर्डसाठीच असते. यूएसबी कीबोर्ड झोपलेल्या संगणकाला जागे करू शकतो, पण पूर्ण बंद केलेल्याला बऱ्याच जुन्या मशीनवर उठवू शकत नाही. यादीतल्या दुसऱ्या एका संगणकाचा कीबोर्ड गोल पिनेचा होता. केबल काढून, मशीन पूर्ण निर्जीव करून तो जांभळ्या सॉकेटमध्ये बसवला. ही पिन चालू मशीनमध्ये कधीही काढू-घालू नये आणि जोर करून ढकलू नये, आतल्या सुया वाकतात.

पुन्हा वीज दिली. कंट्रोल, एफ१. पडदा उजळला.

जे जमले नाही तेही सांगायला हवे

अशा गोष्टी सांगताना यशच तेवढे सांगायची आपल्याला सवय असते. मग दुसऱ्या शाळेतले शिक्षक करून बघतात, होत नाही आणि त्यांना वाटते आपलंच चुकलं. म्हणून हेही लिहिते.

तीनपैकी एक संगणक खरोखरच गेलेला होता. त्याच्या माऊसचा दिवा लागत नव्हता, मदरबोर्डवरचा छोटा दिवाही नाही. केबल बदलून पाहिली, दुसऱ्या सॉकेटला लावून पाहिली. एसएमपीएसच जळालेला. त्याला कीबोर्डवरून उठवता येणार नाही, कारण उठवायला आत कुणी जागेच नाही. गोल पिनेचा कीबोर्ड मिळाला तो याचाच.

दुसरा संगणक कीबोर्डवरून सुरू होतो, पण अट घालून. संध्याकाळी भिंतीवरचे मुख्य बटण बंद केले, की दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा त्याला समोरच्याच बटणाने सुरू करावे लागते. त्यानंतर दिवसभर कीबोर्ड चालतो. काही मदरबोर्डचा हा स्वभाव असतो. दाराजवळचा संगणक मात्र मुख्य वीज आल्यावर थेट कीबोर्डचे ऐकतो.

आणखी एक गोष्ट. बायोसमधले सेटिंग मदरबोर्डवरच्या गोल सेलच्या जिवावर टिकते. बहुतेक मशीनमध्ये ३ व्होल्टचा सीआर २०३२ हा सेल असतो. तो संपला की संगणक सेटिंग विसरू शकतो. रोज सकाळी संगणकाची तारीख काही वर्षे मागे गेलेली दिसत असेल, तर आधी सेल बदला, मगच बाकीचे करा.

काही मशीनच्या बायोसमध्ये ही सोय दिलेलीच नसते. काही जुन्या बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ एक छोटा जंपर असतो. तो साध्या ५ व्होल्टवरून स्टँडबायच्या ५ व्होल्टवर सरकवावा लागतो. हे काम जाणकारालाच करू द्या.

सहकाऱ्यांचे आक्षेप

स्टाफरूममध्ये हे सांगितल्यावर चर्चा झाली. आक्षेप खरे होते, म्हणून इथे मांडते.

एक सर म्हणाले, "नवीन स्विच बसवला की काम संपलं. एवढा खटाटोप कशाला?" त्यांचे बरोबर आहे. बटण खराब असेल तर स्विच बदलणे हाच पक्का इलाज आहे आणि तो आम्ही नंतर केलाही. पण बटण दुरुस्त झाले तरी ते टेबलाखालीच राहते. ज्याला वाकता येत नाही, त्याचा प्रश्न स्विच बदलून सुटत नाही. सीपीयू टेबलावर ठेवणे हाही उपाय आहे, पण आमच्या टेबलांवर तेवढी जागा नाही.

दुसरा आक्षेप: "मुख्य वीज आली की संगणक आपोआप सुरू होईल असं सेटिंगही असतं, ते का नाही?" असते खरे. पण आपल्याकडे लाईट कधी जाते, कधी येते, याचा नेम नाही. एखाद्या संध्याकाळी मुख्य बटण बंद करायचे राहून गेले, तर रात्री लाईट आल्यावर रिकाम्या वर्गात संगणक सुरू होऊन सकाळपर्यंत चालत राहणार. कीबोर्डवर निदान माणसाचा हात लागतो.

तिसरा आक्षेप विजेचा. "म्हणजे बंद असतानाही वीज खातो?" हो, खातो. यावर मी मुलांकडून गणितच करून घेतले. समजा, बंद संगणक स्टँडबायमध्ये ३ वॅट घेतो. २४ तास, ३० दिवस: ३ × २४ × ३० = २१६० वॅट-तास, म्हणजे महिन्याला २.१६ युनिट. सात संगणकांचे १५ युनिटच्या थोडे वर. आता शाळेच्या सहा तासांपुरतेच मुख्य बटण चालू ठेवले तर? ३ × ६ × २५ = ४५० वॅट-तास. एका संगणकाला महिन्याला अर्ध्या युनिटहूनही कमी. म्हणून आमचा नियम असा: सकाळी मॉनिटरने मुख्य बटण चालू करायचे, संध्याकाळी बंद करायचे. युरोपात तर २०१३ पासून बंद अवस्थेतल्या अशा उपकरणांना साधारण अर्ध्या वॅटचीच मर्यादा आहे. बायोसमधली ती 'ईआरपी'ची ओळ त्याच नियमांतून आलेली.

चौथा आक्षेप सगळ्यात वजनदार: "इतकी जुनी मशीन ठेवून करायचं काय?" विंडोज १० ला मिळणारे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, विंडोज ७ चे तर २०२० मध्येच. अशा संगणकावरून पालकांनी बँकेचे व्यवहार करू नयेत, हे मी स्पष्ट सांगते. पण इंटरनेट न जोडता मराठी टायपिंग, तक्ते, चित्रे, गणिताचे खेळ यांसाठी ते पुरेसे आहेत. बोटांना वळण लागायला नवी मशीनच हवी असे नाही. आणि मशीन खरोखरच गेले असेल, तर ते भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवे.

एका तासिकेचा धडा

यावर मी सातवीला चाळीस मिनिटांची एक तासिका घेतली. सीपीयू उघडला नाही. फक्त तीन कामे दिली.

पहिले: बंद संगणकावर कुठे कुठे दिवा दिसतो ते शोधा. माऊस, मॉनिटर, कीबोर्ड, मागची बाजू. मग मुख्य बटण बंद करा आणि काय विझते ते पाहा. काही दिवे लगेच विझतात, काही सेकंदभर रेंगाळतात. ते का, यावर मुले छान भांडली.

दुसरे: वीज भिंतीपासून पडद्यापर्यंत कोणत्या वाटेने जाते, त्याचे चित्र काढा. बटण वाटेत दाखवायचे की वाटेच्या बाजूला? बहुतेकांनी आधी वाटेतच काढले होते. चर्चेनंतर खोडून बाजूला काढले. माझ्या मते तेवढ्या खोडण्यात धडा पूर्ण झाला.

तिसरे काम भाषेचे होते. फळ्यावर रजिस्टरमधले वाक्य लिहिले: 'संगणक चालू होत नाही.' म्हटले, यातून दुरुस्त करणाऱ्याला काय कळेल? डोळ्यांना जे दिसते तेवढेच लिहा, निष्कर्ष नको. मुलांनी लिहिले: 'बटण आत गेले आहे, बाहेर येत नाही. बटण दाबल्यावर पंख्याचा आवाज येत नाही. माऊसचा लाल दिवा लागतो.' ही तीन वाक्ये रजिस्टरमध्ये असती, तर ते मशीन यादीत गेलेच नसते.

पालकांनी घरी हा धडा करायला हरकत नाही. जिन्याखाली कपडा घालून ठेवलेला जुना डेस्कटॉप बऱ्याच घरांत असतो. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना टेबलाखाली वाकायला लागू नये, एवढ्यासाठीही हे सेटिंग कामाचे आहे. फक्त सीपीयू उघडायचा असेल तर केबल काढून आणि मोठ्या माणसासमोरच. एसएमपीएसचा डबा मात्र कुणीही उघडायचा नाही, केबल काढल्यावरही त्यात काही काळ धोकादायक वीज साठून राहू शकते.

शेवटी, माझी एक चूक

हे लिहायला घेतले ते या चुकीमुळेच.

सत्राच्या शेवटी आपण प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहितो. त्या मुलीसमोर मी पहिल्या सत्रात लिहिले होते: 'संगणक हाताळण्यात पुढाकार घेत नाही.' शेजारी बसून नुसती बघते, म्हणून लिहिले. मला जे दिसले ते मी लिहिले, असे मला वाटत होते. पण ते दिसलेले नव्हते, तो मी काढलेला निष्कर्ष होता. दिसत होते ते एवढेच: ती बसते त्या संगणकाचे बटण बिघडलेले आहे आणि बाकीच्या बटणांपर्यंत तिचा हात पोहोचत नाही. संगणकावर मी जो शेरा मारला होता, तोच तिच्यावरही मारला होता.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात समावेशित शिक्षणाची जबाबदारी शाळेवर टाकली आहे. आपण त्यावर प्रशिक्षणे घेतो, फलक लावतो, रॅम्प बांधून घेतो. ते हवेच. पण वर्गात पोहोचलेल्या मुलाला पुढे काय काय हाताशी आहे, हे टेबलाजवळ बसून पाहावे लागते. आमच्या बाबतीत ते अंतर जमिनीवरच्या एका बटणाएवढे होते.

आता ती संगणकाच्या तासाला सगळ्यांत आधी येते. मुख्य बटण चालू झाले की कंट्रोल आणि एफ१ दाबते. शेजारच्या मुलांना "थांबा, मी सुरू करते" म्हणते. दुसऱ्या सत्राची नोंद मी वेगळी लिहिली, हे सांगायला नकोच.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या शाळेत या वर्षी निर्लेखनाची यादी होणार असेल, तर यादीतल्या प्रत्येक संगणकाजवळ पाच मिनिटे थांबा. भिंतीवरचे बटण चालू करा आणि माऊसचा दिवा लागतो का पाहा. कीबोर्डची पिन गोल आहे का पाहा. आणि त्या संगणकासमोर कोण बसत होते, कोण नुसते शेजारी बसत होते, तेही आठवा. पेन मग उचला.

तुमच्या शाळेत एखादे मशीन असे परत उठले, किंवा प्रयत्न करूनही उठले नाही, तर दोन्ही अनुभव जरूर कळवा. न उठलेल्यातूनही शिकायला मिळते.